हरणाऱ्या संघाचा सप्टेंबर: ठाण्यातून पाहायला गेम पास कितपत कामाचा?

गेम पास म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, एनएफएल, अमेरिकेबाहेर दाखवणारी तिची अधिकृत सेवा. 2023 पासून ती डॅझनच्या ॲपवर मिळते. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला तिच्याकडून फारसं काही लागत नाही. सामना लागला, टचडाऊन झाले, झोपलं. खरी परीक्षा होते ती सप्टेंबर संपताना 0-3 (शून्य विजय, तीन पराभव) किंवा 0-4 वर अडकलेल्या संघाच्या चाहत्याची. त्याला निकाल आधीच माहीत असतो. त्याला हवं असतं कारण. ते कारण शोधायला या सेवेतलं काय उपयोगी आहे आणि काय नुसतं झगमगाट आहे, एवढंच इथे पाहिलं आहे. इंग्रजी समालोचन आणि चार डाऊनमध्ये दहा यार्ड हा मूळ नियम समजत असेल तर पुढचं सगळं समजेल.

आधी वेळेचं बोलू, कारण ठाण्या-नवी मुंबईत अर्धा निर्णय घड्याळच घेतं. ऐरोली-महापेला अमेरिकी वेळेवर काम करणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे. रविवारी दुपारी 1 चे सामने आपल्याकडे रात्री 10:30 ला सुरू होतात. 4:05 आणि 4:25 चे सामने मध्यरात्रीनंतर 1:35 आणि 1:55 ला. रविवार रात्रीचा मानाचा सामना सोमवारी पहाटे 5:50 ला, म्हणजे दूधवाल्याच्या बरोबरीने. लंडनला सामना असेल तर मात्र रविवारी संध्याकाळी 7 वाजता, चहा उरकून निवांत.

यातली गंमत अशी की रडतखडत चालणारा संघ ठाणेकराला सोयीचा पडतो. पहाटेचे, म्हणजे अमेरिकेतले संध्याकाळचे आणि रात्रीचे सामने वाहिन्यांना मोठ्या नावांनी भरायचे असतात. ज्यांच्याकडून कुणाला अपेक्षा नाही ते संघ दुपारी 1 च्या गर्दीत ढकलले जातात. 2025 चंच बघा. न्यूयॉर्क जेट्स पहिले सातही सामने हरले. त्यातले पाच आपल्या वेळेने रात्री 10:30 ला होते, एक लंडनचा संध्याकाळी 7 ला आणि एकच मंगळवारी पहाटे 4:45 ला. त्याच मोसमात कॅन्सस सिटी चीफ्सचा 10:30 चा पहिला सामना उजाडायला सातवा आठवडा लागला. म्हणजे चीफ्सच्या मागे लागाल तर झोपेचं खोबरं, आणि जेट्सच्या मागे लागाल तर जेवून, ताट घासून, शांतपणे हरता येतं.

अपवाद पश्चिमेकडचे. सिएटल, लॉस एंजेलिस, लास व्हेगास, ॲरिझोना यांचे घरचे सामने बहुतेक वेळा 1:35 किंवा 1:55 च्या खात्यात जातात. सोमवारी सकाळी घोडबंदर रोडवरच्या गर्दीत बस पकडायची असेल तर हे संघ थेट पाहण्याच्या भानगडीत पडू नये.

डेटा आणि मध्यरात्र

घरी वायफाय असेल तर प्रश्न नाही. मोबाइल डेटावर पाहायचं असेल तर गणित करून बसा. खेळाचं स्वच्छ चित्र 8 एमबीपीएसचं धरलं तर तासाला 3.6 जीबी जातात. सामना तीन तासांच्या थोडा वर चालतो, म्हणजे साधारण 11 जीबी. रोजचा 2 जीबीचा प्लॅन जेमतेम 33 मिनिटं टिकेल. पहिला क्वार्टर संपतो न संपतो तोच वेग पडतो आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, जागी चौकोन-चौकोन दिसू लागतात. चित्राचा दर्जा मध्यम करून खप निम्म्याहून खाली आणता येतो, पण मग ओळीतले पाच-पाच धिप्पाड गडी एकमेकांत मिसळतात, आणि तेच तर पाहायचं असतं. एक बारीक सोय आहे: 10:30 चा सामना मध्यंतराला येतो तेव्हा आपल्याकडे बारा वाजायला आलेले असतात, आणि दिवसाचा कोटा बारानंतर नव्याने मिळतो. दुसरा अर्ध त्यावर सुरू होतो खरा, पण पूर्ण होत नाही.

इंटरनेटवरचं कुठलंही थेट प्रक्षेपण मैदानापेक्षा थोडं मागे असतं. स्कोअर देणाऱ्या ॲपची सूचना आधी वाजते आणि चित्रात किकर अजून धावतच असतो. त्या ॲपचा आवाज बंद ठेवा. सकाळी पुन्हा पाहायचं असेल तर सूचनाच बंद करा.

रेडझोन: हरणाऱ्यांसाठी चुकीची खिडकी

नव्या माणसाला सगळे आधी रेडझोन सुचवतात. रात्री 10:30 पासून सात तास हा चॅनल एका सामन्यातून दुसऱ्यात उड्या मारतो. कुणीही प्रतिस्पर्ध्याच्या 20 यार्डांच्या आत शिरलं की चित्र तिथे. खेळ म्हणून बहार आहे. पण आपला संघ दुबळा असेल तर यासारखी दिशाभूल करणारी खिडकी नाही. ज्यांचं आक्रमण 20 यार्डांच्या रेषेपर्यंत पोचतच नाही ते पडद्यावर येणारच नाहीत. येतील ते फक्त बचाव करताना, समोरचा गुण करत असताना. तीन आठवडे रेडझोन पाहिलेला माणूस ठामपणे सांगतो की आमचा बचाव भिकार आहे. प्रत्यक्षात आक्रमण तीन-तीन डाऊनमध्ये पंट करून, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्याला देऊन टाकून, परत येत असतं, बचावाला दम खायला वेळ मिळत नसतो, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तो कोसळतो. दुखणं पोटाचं आणि पट्टी डोक्याला. आपला संघ जिंकू लागेपर्यंत रेडझोन बाजूला ठेवा.

चाळीस मिनिटांची कापलेली आवृत्ती

सेवेतला सगळ्यात वसूल होणारा भाग हाच. दोन खेळींमधला रिकामा वेळ, जाहिराती, मध्यंतर सगळं कापून सामना सुमारे 40 मिनिटांत बसवलेला असतो. ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या जलद लोकलमध्ये जवळपास अख्खा सामना होतो. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरवर तीन क्वार्टर. बसायला जागा मिळाली तर, हे गृहीत धरून. उभ्याने, एका हाताने कडी धरून, सहा इंचांच्या पडद्यावर चेंडू कुणाकडे गेला एवढंच कळतं.

पण कापलेल्या आवृत्तीत काय हरवतं हेही माहीत हवं. घड्याळ हरवतं. 12 ऑक्टोबर 2025 ला लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियममध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसनी जेट्सना 13-11 हरवलं. आकडा पाहून वाटतं, अगदी थोडक्यात गेला. पहिल्या अर्धाच्या शेवटी जेट्सनी पुढे सरकायचा प्रयत्न न करता घड्याळ संपू दिलं, आणि त्यावर प्रेक्षकांनी हुर्यो केली. दोन गुणांनी हरलेल्या सामन्यात ही गोष्ट लहान नाही. कापलेल्या आवृत्तीत मात्र ती एक-दोन खेळींत संपते. रिकामी सेकंदं कापलेली, आणि निर्णय त्या रिकाम्या सेकंदांतच असतो. म्हणून नियम साधा ठेवावा: आधी 40 मिनिटांची आवृत्ती, मग पूर्ण सामन्यातली फक्त दोन्ही अर्धांची शेवटची दोन-दोन मिनिटं, न कापलेली.

त्याच सामन्याचा आणखी एक आकडा जवळून पाहण्यासारखा आहे. जेट्सचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स याने 17 पैकी 9 पास पूर्ण करून 45 यार्ड मिळवले. त्याला नऊ वेळा चेंडूसकट मागे पाडलं गेलं, म्हणजे नऊ सॅक, आणि त्यात 55 यार्ड गेले. संघाच्या पासिंगच्या खात्यातून सॅकचे यार्ड वजा होतात. 45 वजा 55, म्हणजे उणे 10. पूर्ण सामना पास टाकायचा प्रयत्न करून संघ जिथे होता त्याच्या मागे गेला. पास आणि धाव मिळून एकूण 82 यार्ड. मैदानाची लांबी 100. आणि तरीही पराभव दोन गुणांचा, म्हणजे बचावाने सामना जवळजवळ ओढून नेला होता. फलक एक सांगतो, खाली दडलेली ओळ दुसरंच. ही ओळ शोधायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक सामन्याचं अधिकृत गेमबुक, म्हणजे आकडेवारीची वही, एनएफएल फुकट देते. त्यात ‘नेट यार्ड्स पासिंग’ आणि ‘थर्ड डाऊन एफिशियन्सी’ या दोन ओळी आधी वाचाव्यात, बाकीचं नंतर.

पाच जणांची ओळ आणि मोबाइलचं स्टॉपवॉच

सप्टेंबरमधल्या वाईट सुरुवातीचं दुखणं पुष्कळदा आक्रमणाच्या ओळीत सापडतं: डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल. समोरचे दोघे आडवे-तिडवे होऊन जागा बदलतात तेव्हा कोण कुणाला घेणार हे या पाचांनी न बोलता ठरवायचं असतं. ते जमतं एकत्र खेळून. 2021 मध्ये मोसम 17 सामन्यांचा झाला आणि सरावाचे सामने चारावरून तीनवर आले. त्यातही मुख्य खेळाडूंना दुखापतीच्या भीतीने थोडंच खेळवतात. मग ओळ जुळायचा सराव खऱ्या सामन्यांतच होतो आणि त्याची किंमत क्वार्टरबॅकच्या बरगड्या मोजतात. 2023 मध्ये कॅरोलिना पँथर्सनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाने निवडलेला नवखा क्वार्टरबॅक ब्राइस यंग मोसमभरात 62 वेळा सॅक झाला. संघ 0-6 ने सुरू झाला, 2-15 वर संपला, प्रशिक्षक फ्रँक राईख यांना 11 सामन्यांनंतर काढलं. यंगच्या बदल्यात पँथर्सनी पुढच्या वर्षाची पहिली निवडही शिकागो बेअर्सला देऊन टाकली होती. त्यामुळे तळाला राहिल्याचं एकमेव बक्षीस, ड्राफ्टमधली सगळ्यात पहिली निवड, तीही शेजाऱ्याच्या घरी गेली.

दोष कुणाचा, हे घरबसल्या तपासता येतं. पूर्ण सामना लावा, मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घ्या. सेंटरने चेंडू मागे दिला की सुरू, क्वार्टरबॅकच्या हातातून सुटला किंवा तो खाली पडला की बंद. असे वीस पास मोजा. अडीच सेकंदांच्या आत माणूस अंगावर आला तर दोष ओळीचा, किंवा ज्याला कुणी घेतलंच नाही अशा जादा हल्लेखोराचा. साडेतीन सेकंदांनंतर सॅक झाला तर ओळीने आपलं काम केलं होतं. एक तर क्वार्टरबॅक चेंडू धरून बसला, नाहीतर झेल घेणारे मोकळे झाले नाहीत. मधल्या एका सेकंदात दोघांचा वाटा असतो, तिथे वाद घालत बसू नये. नेहमीच्या कॅमेऱ्याची अडचण अशी की तो चेंडूवर आवळलेला असतो. लांब धावणारे झेलकरी चौकटीबाहेर असतात, म्हणून क्वार्टरबॅक का थांबला ते दिसत नाही. गोलामागच्या कॅमेऱ्यातून रिप्ले दाखवतात तेव्हा थांबवून पाहा. बावीसही खेळाडू दाखवणारी प्रशिक्षकांची फिल्म, ज्याला ऑल-22 म्हणतात, ती आपल्या पॅकमध्ये आहे का हे पैसे भरण्याआधी वाचून घ्या. असेल तर झेलकऱ्यांचा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो. समालोचन नाही, गर्दीचा आवाज नाही, गणिताच्या शिकवणीइतकी रुक्ष, पण खोटं बोलत नाही.

दुसरी तपासणी कागद-पेनाची. प्रत्येक तिसऱ्या डाऊनला किती यार्ड हवे होते ते लिहून काढा. सरासरी आठच्या वर गेली तर रोग तिसऱ्या डाऊनचा नाही, पहिल्याचा आहे: पहिली धाव शून्यावर अडली, किंवा चेंडू सुटायच्या आधीच कुणीतरी हलला आणि पाच यार्ड दंड झाला, किंवा धरपकडीचे दहा. परक्या मैदानावर गर्दीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, तेव्हा हे आधी हलणं वाढतं. घरच्या सामन्यातही तेच होत असेल तर मात्र तयारीच कच्ची.

0-3 आणि 0-3 यांत फरक असतो

आयपीएल पाहणाऱ्याला नेट रन रेट समजावून सांगावा लागत नाही. इथेही तसंच, फक्त आकडा गुणांच्या फरकाचा. 2025 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स 0-3 होते: रॅम्सकडून 14-9, बकनीअर्सकडून 20-19, जॅग्वार्सकडून 17-10. तीन पराभव मिळून फक्त 13 गुण. बचाव उत्तम, आक्रमण अडखळलेलं. पुढच्या दोन सामन्यांत त्यांनी टायटन्सना 26-0 आणि रेव्हन्सना 44-10 लोळवलं आणि मोसम 12-5 वर नेला. आता 2024 चे पँथर्स घ्या: सेंट्सकडून 47-10, चार्जर्सकडून 26-3. दोनच सामने, पण तूट 60 गुणांची. दोन आठवड्यांत यंगला बसवून अँडी डाल्टनला आणलं, पुढचा सामना जिंकलाही, तरी शेवट 5-12. टेक्सन्सच्या चाहत्याने त्या सप्टेंबरमध्ये पैसे वाया गेले म्हणणं चूक होतं. पँथर्सच्या चाहत्याने म्हटलं तर अडवू नये.

मुंबई इंडियन्सच्या आठवणीवर मात्र विसंबू नका. 2015 मध्ये पहिले चारही सामने हरून त्यांनी चषक उचलला, त्याआधी 2014 मध्ये पाच हरूनही बाद फेरी गाठली. तिथे तेव्हा 14 सामने होते आणि आठांतले चार पुढे जात. एनएफएलमध्ये 32 पैकी 14 संघ पुढे जातात, पण 0-4 वरून बाद फेरी गाठणारा संघ आजवर एकच, 1992 चे सॅन डिएगो चार्जर्स. 0-3 वरून जाणारेही विरळा: 2018 चे आणि 2025 चे टेक्सन्स त्यांतले. 1-4 वरून मात्र लॉस एंजेलिस रॅम्सनी 2024 मध्ये 10-7 करून विभाग जिंकला, तोही सुरुवातीचे दुखापतग्रस्त झेलकरी परतल्यावर. म्हणून बुधवार ते शुक्रवार निघणारी दुखापतींची यादी वाचायची सवय लावा. तिच्यात डाव्या टॅकलसमोर सलग तीन दिवस ‘सराव केला नाही’ असं असेल तर रविवारी रात्री जागायचं की सकाळी 40 मिनिटांत उरकायचं, ते शुक्रवारीच ठरवता येतं.

पैसे भरताना

कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर बँकेच्या ॲपमध्ये आधी सुरू करा. नवीन कार्डांवर ते सुरुवातीला बंदच येतात. आपोआप नूतनीकरण हवं असेल तर ई-मँडेट नोंदवावा लागतो. रक्कम कापण्याच्या 24 तास आधी बँक सूचना देते आणि ₹15,000 पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. ती सूचना न वाचता पुसून टाकू नये, पुढच्या मोसमाचे पैसे तिथूनच जातात. मँडेट बँकेच्या ॲपमधून बंद करता येतो. छोट्या मुदतीचा पास दिसत असेल आणि संघ दुबळा असेल तर आधी तोच घ्या. चार आठवडे पुरतात: स्टॉपवॉचचे वीस पास, तिसऱ्या डाऊनचा कागद, गुणांची तूट. तिन्ही वाईट निघाले तर पुढचं फुकटच्या गेमबुकवर भागतं.

ऑक्टोबरअखेरीपर्यंत टिकलात तर गजर बदलायला विसरू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं एक तास मागे जातात, आणि त्याच रात्रीपासून आपला 10:30 चा सामना 11:30 चा होतो. मध्यंतर एक वाजता. नवव्या आठवड्यानंतर, मंगळवारी, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. तोवर 1-7 वर असलेला संघ आपला बरा झेलकरी विकून पुढच्या वर्षाच्या निवडी गोळा करत असतो. त्या संघाचा साडेअकराचा सामना थेट पाहायचं कारण शोधूनही सापडत नाही. सकाळची 8:40 ची लोकल, खिडकीची जागा, 40 मिनिटं.